उडवणं आणि उतरवणं

पहाटेच्या धुक्यात पोलिसांचं हेलिकॉप्टर गवतावर बसलेल्या चतुरासारखं दिसत होतं. वैमानिक इंदुमती खरात त्याच्याकडे डोळे भरून बघत होती. कारण मुंबईहून आलेले सचिव मोहरीरसाहेब आज तिचं प्रशिक्षणच बंद करणार होते.

"डोंगरातून माणसं उचलायला शिकायचं, त्याला एवढा खर्च? नुसते पैसे उडवता तुम्ही, बाई!" साहेब कडाडले.

इंदुमती हळूच म्हणाली, "साहेब, उडवलेले पैसे कुणाला खाली आणावे लागत नाहीत. आम्ही उडवतो त्यात लेकराबाळांची माणसं असतात. ती सुखरूप उतरवायला लागतात, तेच शिकतोय."

साहेबांनी हेलिकॉप्टरकडे पाहिलं. परतीला त्यांनाही त्यातच बसायचं होतं. त्यांनी मुकाट मंजुरीची सही केली.

"शिका बाई, नीट शिका," ते म्हणाले. "मी आज आपला मोटारीनेच जातो."