सगुणेची कुपी

पूर्वी एका फुलमळ्यांच्या गावात एक वृद्ध अत्तर काढीत असे. कोणाकडे मुलगी जन्मली की तिच्या बारशाला घरच्या मोगऱ्याची टोपली त्याच्याकडे यायची. तो ती फुलं चंदनाच्या तेलावर उतरवायचा, अत्तर कुपीत भरून मेणाने बंद करायचा आणि फडताळात ठेवून द्यायचा. ती कुपी उघडायची थेट त्या मुलीच्या हळदीला. तोवर मुलगी वाढत असे आणि अत्तर मुरत असे.

त्याच्या शिष्याचं मन गावातल्या सगुणेवर जडलं होतं. ती पहाटे फुलं खुडायला आली की धुक्यातून आधी तिचं गुणगुणणं यायचं, मग ती दिसायची. तेवढ्यावर त्याचा दिवस तरंगत जायचा. पण तिच्या वडिलांनी त्याची मागणी हसण्यावारी नेली.

"अंगाला वास छान येतो रे तुझ्या," ते म्हणाले, "पण वासावर चूल पेटत नाही. सोन्याच्या पाटल्या घेऊन ये, मग बघू."

पुढे एक व्यापारी गावात उतरला. मुरलेल्या अत्तरासाठी तो मागेल ते द्यायला तयार होता. शिष्याने फडताळातल्या कुप्या एकेक करून रित्या केल्या, त्यांत तिळाचं तेल भरलं आणि वर ताजं मेण लावलं. सगुणेच्या कुपीला मात्र त्याने हात लावला नाही. प्रेम म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं. पाटल्या आल्या, साखरपुडा ठरला.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी वृद्धाने त्याला हाक मारली. सगळ्या कुप्या उन्हात मांडलेल्या होत्या. एकीचं मेण काळवंडलेलं, बाकी साऱ्यांचं पांढरंशुभ्र. वृद्धाने ती काळ्या मेणाची, सगुणेची कुपी फोडली. अंगण दरवळलं. सगुणा मागेच येऊन उभी आहे, असा शिष्याला भास झाला. वृद्ध ते अत्तर दुसऱ्या कुपीत ओतू लागला, तसा शिष्याने झटकन त्याचा हात धरला.

"बाबा, हे काय करताय? ती सगुणेची आहे."

"आणि या कोणाच्या होत्या?"

शिष्याने हात सोडला.

"तिची तेवढी सोडलीस," वृद्ध हळुवारपणे म्हणाला, "आणि तिच्या मैत्रिणींच्या हळदीचा सुगंध विकून तिचे हात सजवायला निघालास. पुढे त्यांच्यातली एक आपल्या हळदीला कुपी उघडेल, आत तेल निघेल. ती रडेल आणि सगुणा त्याच पाटल्यांच्या हातांनी तिचे डोळे पुसेल. तेव्हा तू कुठे बघशील, बाळा? जे तिच्यापासून लपवावं लागतं, ते देऊन माणूस तिच्या जवळ जात नाही. रोज थोडा दूर जातो."

शिष्य पाटल्या घेऊन मळ्यात सगुणेकडे गेला. व्यापाऱ्याच्या पैशाचा मोह किंवा तिच्या वडिलांचा टोमणा, कशाचीही सबब न सांगता त्याने तिला सगळं सांगितलं. तिने फुलांची टोपली खाली ठेवली. मग तिने कोणाकोणाच्या कुप्या म्हणून विचारलं आणि त्याने एकेक नाव घेतलं.

"आधी त्यांच्या दारी जा," ती म्हणाली. "मी वाट बघेन, असं आज माझ्याच्याने म्हणवत नाही. जा."

तो पहिल्या दारात जाऊन उभा राहिला. हातातलं सोनं आता तिचं होणार नव्हतं. तरीही आपण आज पहिल्यांदाच तिच्यासाठी काही करतो आहोत, असं त्याला वाटलं. त्याने कडी वाजवली.