गाडी गप होईपर्यंत

"किल्ली काढल्यावर तीन मिनिटं. चौथं मिनिट नाही. मग दोन तास इंजिन चालू राहिलंच कसं, वस्ताद? तुम्हीच सांगा."

वस्ताद म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचे जुने कारागीर, दस्तगीर मेस्त्री. मांडीवर एक जुना हॉर्न घेऊन त्याच्या चकतीवरचा गंज ते बोटांनी चाचपत होते.

"म्हणजे शिवाप्पानं किल्ली काढलीच नव्हती," अभिनंदन म्हणाला. "सरळ आहे."

"शिवाप्पा काय म्हणतोय?"

"म्हणतोय, काढली होती. दुसरं काय म्हणणार?"

"व्हय… दुसरं काय म्हणणार."

वस्तादांच्या पत्र्याच्या शेडसमोर अभिनंदन मगदूमची नवीकोरी गाडी उभी होती. स्वतः तो वस्तादांपुढे उभा होता, आणि उभंच राहायचं ठरवून आला होता. बसलं की वेळ जातो. सहा वर्षं त्याने याच शेडमध्ये मोटारींच्या वायरी ओढल्या, वस्तादांच्या शिव्या खाल्ल्या आणि मग हायवेला काचेच्या दरवाजाचं दुकान टाकलं. सगळ्या तालुक्यातल्या भारी गाड्या आता त्याच्याकडे येत. मेस्त्री म्हातारे झाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्या हळूहळू आटल्या. शिष्य मोठा झाला की गुरूला आनंद होतो, असं अभिनंदनला वाटे. वस्तादांना काय वाटतं, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

आज मात्र त्याला वस्ताद हवे होते. कारण चौकीवरच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की दस्तगीर मेस्त्रींनी लिहून दिलं, तर वायरिंगचा विषय तिथेच संपला. त्या माणसाने आयुष्यात खोटी सही केलेली नाही, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

कागद त्याने घरूनच टाइप करून आणला होता. 'सदर गाडीतील टर्बो टायमर व अलार्म यांची जोडणी निर्दोष असून…' असं सुरू होऊन ते चालकाच्या निष्काळजीपणावर संपत होतं. खाली सहीपुरती जागा मोकळी होती.

घडलं होतं ते असं. गावातल्या बिरनाळ्यांची पेट्रोलवरची टर्बो गाडी. असल्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, तापून लाल होतो, इंजिन एकदम बंद केलं तर तो जळतो. म्हणून टायमर बसवतात. किल्ली काढून माणूस निघून गेला तरी इंजिन तीन मिनिटं चालू राहतं, टर्बो निवतो, मग आपोआप बंद होतं. पण किल्ली नसताना चालू असलेली गाडी म्हणजे चोराला आमंत्रणच. म्हणून त्याला अलार्म जोडायचा. दोन्ही कामं अभिनंदननेच केली होती, दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

त्यानंतर महिन्याभराने एका दुपारी ड्रायव्हर शिवाप्पाने गाडी बंगल्याखाली लावली, नेहमीसारखं शटर ओढलं आणि घरी जेवायला गेला. गाडीच्या जागेला लागून एक खोली होती. बिरनाळ्यांची म्हातारी आई, शांतव्वा, दुपारची तिथे पडायची. चार वाजता सून चहा घेऊन खाली आली, तेव्हा खोलीत धूर कोंडला होता आणि म्हातारी कधीच गेलेली होती. शटरमागे इंजिन शांतपणे चालू होतं.

वरच्या मजल्यावर सगळ्यांनी तो आवाज ऐकला होता. कुणी उठलं नाही. किल्ली काढल्यावरही गाडी थोडा वेळ घरघरते आणि मग आपली आपण गप होते, याची महिन्याभरात घराला सवय झाली होती. अलार्म तर एकदाही वाजला नाही. त्याला चोर कळतो, धूर कळत नाही.

त्या रडारडीत, धावपळीत किल्ली खिळ्यावर होती की गाडीत होती, हे नंतर कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. चालू गाडी तेवढी सगळ्यांच्या ध्यानात राहिली. अठरा वर्षं त्या घरात गाडी चालवणारा शिवाप्पा तीन दिवसांपासून कोठडीत होता. "किल्ली मी काढली होती" या एका वाक्यापलीकडे तो दुसरं काही बोलत नव्हता.

काल त्याची बायको अभिनंदनच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. ना रडली, ना काही मागितलं. दुपारभर बसली आणि निघून गेली. काचेआड एसीत बसून अभिनंदनने सगळा वेळ तिच्या पाठीकडे बघितलं होतं.

"सही करताय ना, वस्ताद?"

"मला आता वायर दिसत न्हाई, अभिनंदन. लाल कुठली, काळी कुठली… समदं एकच."

"तुम्हाला बघायचं कशाला? मी सांगतोय ना. मी केलेलं काम आहे."

"डायोड घातला हुतास?"

प्रश्न इतक्या हळू आला की अभिनंदनला तो ऐकू आला नाही असं दाखवता आलं असतं.

तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा डायोड. टायमर आणि अलार्मच्या वायरी जिथे जुळतात तिथे तो घालायचा, म्हणजे करंट एकाच बाजूला जातो. नाही घातला, तर अलार्मचा करंट कधीतरी उलटा टायमरमध्ये शिरतो. टायमरला वाटतं, किल्ली अजून लागलेलीच आहे. मग तो इंजिन बंदच होऊ देत नाही. दहा वेळा काही होत नाही. अकराव्या वेळी होतं.

"घातला होता," अभिनंदन म्हणाला. "तुमच्याच हाताखाली शिकलोय की."

"मग काम झाल्यावर उभा राहिलास?"

ही वस्तादांची जुनी खोड. जोडणी झाली की किल्ली काढायची, दारं लावायची आणि बॉनेटवर हात ठेवून उभं राहायचं. चहा नाही, बोलणं नाही. गाडी स्वतःहून गप होईपर्यंत. एकदा नाही, तीनदा. गिऱ्हाईक घाईला आलं तरी वस्ताद हलत नसत. सहा वर्षं अभिनंदन त्यांच्या शेजारी असा ताटकळला होता, आणि आपल्या दुकानात ही पद्धत आणायची नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं.

"दसऱ्याची गर्दी होती, वस्ताद. बाहेर नऊ गाड्या होत्या."

"बरं."

"बरं म्हणजे?"

वस्तादांनी हॉर्न खाली ठेवला, हात धोतराला पुसले.

"तुझ्या गाडीतबी हेच बसवलंय न्हवं?"

"हो. त्याच आठवड्यात. मीच बसवलं."

"मागं घे आत."

"काय?"

"गाडी. शेडमधी घे. मग करतो सही."

अभिनंदनला हसू आलं. म्हाताऱ्याला कामाची तपासणी करायची होती तर. त्याने गाडी मागे घेत शेडमध्ये आणली, किल्ली काढली, उतरून रिमोट दाबला. टुक् असा आवाज झाला. इंजिन चालूच राहिलं, मंद, एकसारखं.

वस्ताद चाचपत पुढे गेले आणि दोन्ही हातांनी शटर ओढून घेतलं.

शेडमध्ये अंधार झाला. मागची खिडकी कधीच पत्रा मारून बंद केलेली होती.

"वस्ताद, हे काय?"

"बस." त्यांनी पायाने एक स्टूल सरकवलं. स्वतः दुसऱ्यावर बसले आणि उजवा हात बॉनेटवर ठेवला. "तुझा तुझ्या कामावर जेवढा भरवसा, तेवढाच माझा. तू सांगतोस म्हणून मी सही करणार. तवा गाडी गप हुईपतूर माझ्याजवळ बस. लई न्हाई… तीन मिनिटं."

अभिनंदन बसला.

पहिलं मिनिट त्याने मोबाइलवर बघून काढलं. पेट्रोलचा वास नाकात बसायला लागला. आवाज तसा काहीच नव्हता, चांगली गाडी होती. बिरनाळ्यांचीही चांगलीच होती.

"किल्ली कुठाय?" वस्तादांनी विचारलं.

"खिशात."

"शिवाप्पाबी हेच सांगतोय."

अभिनंदनचा हात खिशावर गेला.

दुसरं मिनिट. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा डबा त्याच्या डोळ्यांपुढे आला. डायोडचा डबा. बिरनाळ्यांची गाडी घेतली तेव्हा त्याने तो उघडला होता आणि तो रिकामा होता. दुकान सोडून आणायला जायचं तर अर्धा तास. बाहेर नऊ गाड्या. त्याने दोन्ही वायरी सरळ पिळल्या, वर टेप गुंडाळली आणि मनाशी म्हणाला, सणानंतर गाडी बोलावून घेऊ. सण झाला. गाडी बोलावली नाही. खरं तर तो ते विसरलाही नव्हता.

पण ही गाडी? स्वतःची?

त्या आठवड्यात नवा डबा आला होता का, हे त्याला आठवेना. ही गाडी आधी केली की नंतर… आठवेना. महिनाभर तो रोज तिची किल्ली काढून, रिमोट दाबून, पाठ फिरवून निघून गेला होता. ती कधी गप होते, होते की नाही, हे त्याने एकदाही उभं राहून बघितलं नव्हतं.

वस्ताद खोकले. हात बॉनेटवरच होता.

"तुम्हाला त्रास होतोय," अभिनंदन म्हणाला.

"झाली किती मिनिटं?"

"दोन… दोन वर थोडी."

"मग हाय की अजून."

त्याचे डोळे चुरचुरायला लागले. छातीत काहीतरी धडधडत होतं, ते इंजिन की आपण, हे त्याला कळेना. शांतव्वा आपल्याला दर दसऱ्याला सोनं द्यायची, 'मोठा हो बाबा' म्हणायची, हे त्याला आत्ता, असल्या वेळी आठवलं. ती झोपली होती. तिला हे काहीच कळलं नसेल, असं सगळे म्हणाले होते. त्याने स्वतःही तिच्या मुलाला तेच सांगितलं होतं.

वस्ताद बसले होते, डोळे मिटून, अगदी स्वस्थ. शिष्याच्या शब्दावर विसंबलेला म्हातारा.

अभिनंदन उठला. स्टूल मागे पडलं. अंधारात धडपडत तो शटरपाशी गेला, खाली हात घातला आणि सगळा जोर लावून ते वर ढकललं. पत्र्याचा खणखणाट झाला. उजेड आत आला. त्याने उंबऱ्याबाहेर जाऊन मोठा श्वास घेतला, मग आणखी एक.

आणि मागे इंजिन बंद झालं.

आपोआप. कुणी हात न लावता. बरोबर तीन मिनिटांनी. आत अलार्मचा तांबडा दिवा लुकलुकू लागला, सगळं ठीक असल्यासारखा.

अभिनंदन वळला. एकदम हसला, जरा जास्तच मोठ्याने.

"बघितलंत? थांबली की नाही? माझं काम चोख असतं, वस्ताद! हा घ्या कागद."

त्याने कागद वस्तादांपुढे धरला. वस्तादांना तो दिसत नव्हता. कागदाची फडफड मात्र ऐकू येत असावी.

त्यांनी अजून गरम असलेल्या बॉनेटवरून हात काढला.

"मग उठलास कशाला रं?"