निळ्या सदऱ्यातला सायकलपटू

एकदा एक तरुण सायकलपटू संतापून आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. जोडीची मोठी शर्यत महिन्यावर आलेली, आणि जोडीदाराशी त्याने बोलणेच टाकले होते. हा जोडीदार शेजारच्या देशातून शिकायला आलेला त्याचा जिवलग मित्र. भांडण कशावरून, तर दोघांच्या जन्माआधीच्या एका शर्यतीवरून!

"गुरुजी, तो म्हणतो, त्या शर्यतीत त्यांचाच सायकलपटू श्रेष्ठ. आपला म्हणे वारा चुकवत त्याच्या आडोशाने जिंकला! आपल्या वर्तमानपत्रांत मी लहानपणापासून नेमके उलटे वाचले आहे. अशा खोटारड्याबरोबर मी शर्यतीत उतरणार नाही."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही रीत घरापुरती थोडीच असते! पण गुरूंनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "रविवारी आपल्या घाटात शर्यत आहे. तू सायकल चालवू नकोस. माथ्यावर ध्वनिक्षेपक घेऊन उभा राहा आणि दिसेल ते लोकांना सांग."

शिष्याला हे विचित्र वाटले, पण आज्ञा मोडवेना. माथ्यावरून घाटाची सारी वळणे दिसत होती. त्याने घसा फोडून निवेदन केले. त्याच्याच तालमीतला, लाल सदऱ्यातला मुलगा पहिला आला आणि त्याच्या नावाचा गजर झाला.

लोक पांगल्यावर गुरूंनी विचारले, "निळ्या सदऱ्यातला मुलगा पाहिलास?"

"पाहिला की. अर्धा घाट समोरचा वारा त्यानेच अंगावर घेतला. आपला त्याच्यामागून चढला, म्हणून तर शेवटी दम उरला."

"मग हे लोकांना का नाही सांगितलेस?"

शिष्य म्हणाला, "मला त्याचे नाव ठाऊक नव्हते."

"खोटे बोललास का?"

"एक शब्दही नाही!"

"बाळ, वर्तमानपत्रवालेही खोटे बोलले नसतील. आपल्याकडच्यांना आपल्या मुलांची नावे पाठ होती, त्यांनी ती छापली. पलीकडच्यांनी त्यांची छापली. तुम्ही दोघे ते वाचत वाढलात. ज्याचे नाव कानी पडले नाही, त्याचे कष्टही तुम्हाला दिसले नाहीत."

शिष्याला फार वाईट वाटले. घाट उतरताना त्याने आधी त्या निळ्या सदऱ्यातल्या मुलाला गाठून त्याचे नाव विचारले. मग तो मित्राकडे गेला. "तुमच्याकडे ती शर्यत कशी सांगतात? पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही."

मित्राने बाकावर सरकून जागा केली. "सांगतो. पण मग तुमच्याकडचीही मला ऐकव."

महिन्याने दोघे जोडीने उतरले, आळीपाळीने वारा अंगावर घेत जिंकले. दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांनी आपापल्याच मुलाचे नाव मोठ्या अक्षरांत छापले. ती दोन्ही कात्रणे त्यांच्या खोलीत आजही शेजारीशेजारी चिकटवलेली आहेत.