अण्णांच्या खोलीतला मुक्काम

“त्या खोलीत काय आहे?”

माताजींनी विचारलं आणि दर्शिताच्या हातातला तांब्या पडता पडता राहिला.

“काही नाही,” ती म्हणाली. “रिकामीच आहे.”

साध्वीसमोर खोटं बोलू नये, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण आता बोलून झालं होतं.

जैन साध्वी आर्यिका सुव्रतामती माताजी त्या सकाळी नदीकाठच्या गावातून अनवाणी चालत आल्या होत्या. एका हातात मोरपिसांची पिंछी, दुसऱ्या हातात कमंडलू, अंगावर एक पांढरी साडी. संसार तेवढाच. एक दिवस राहून पुढच्या गावी जायचं होतं. मंदिराच्या धर्मशाळेचं छप्पर उतरवलेलं, म्हणून त्यांना कुठे उतरवायचं याचा पंचांना घोर पडला होता. तेव्हा पंचांपैकी बिरनाळेकाका म्हणाले होते, मगदुमांच्या पोरीनं घर विकायला काढलंय आणि असं मोकळं करून ठेवलंय की उंदीरसुद्धा उपाशी निघून गेला. साध्वींना अशीच जागा लागते.

दर्शिताला ते ऐकून आत कुठेतरी बरं वाटलं होतं. घर तिनं एकटीनं आवरलं होतं. पुण्याहून येताना ती बरंच वाचून आली होती. घेणाऱ्याला आपण तिथे राहतोय असं वाटलं पाहिजे, म्हणून आधीच्या माणसांची खूण दिसता कामा नये. भिंतींवरचे फोटो उतरले. उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघांवर रंग चढला. आईची आरामखुर्चीसुद्धा हलली, आणि तेव्हापासून आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, पाहुणीसारखी, पदर सावरून बसायची.

“माझ्याच घरात मला विचारून बसावं लागतंय,” ती शेजारणीला म्हणाली होती. हसत म्हणाली होती, पण म्हणाली होती.

घर विकलं जाणं गरजेचं होतं. तिचे वडील, अण्णा, जाऊन वर्ष झालं होतं. उन्हाळ्यात आई मोरीत घसरून पडली आणि दुपारभर तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही. तेव्हापासून पुण्यात, कॉलेजात शिकवताना, फोन थरथरला की दर्शिता वर्ग अर्धा टाकून बाहेर धावायची. आई यायला तयार होती, पण तिची एकच अट होती. घराला कुलूप लावून निघणार नाही. कुणीतरी इथे चूल मांडली पाहिजे, मग चल म्हणशील तिथे.

आणि गिऱ्हाईक टिकत नव्हतं. येणारे घर बघायचे, मान डोलवायचे आणि कुलूप लावलेल्या खोलीपाशी थांबायचे. किल्ली हरवलीय, असं ती सांगायची. गेल्या पंधरवड्यात आलेल्या मानेबाई तर त्या दारापासून दोन पावलं मागे सरकल्या होत्या. गावात कुणीतरी उठवलं होतं की मगदुमांच्या त्या खोलीत काहीतरी आहे.

“रिकामी आहे ना?” माताजी म्हणाल्या. “मग मी तिथेच बसते.”

“माताजी, बाहेरच्या सोप्यात वारा येतो. तिथे कोंदट…”

“आमच्यासाठी रिकामी जागाच बरी.”

त्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या, घाईतही नव्हत्या. रस्त्यात गुरं आडवी आली की चालणारा माणूस थांबतो, तशा.

आई उंबऱ्यावरून सगळं बघत होती.

दर्शितानं शेवटी कमरेची किल्ली काढली. कुलूप दोनदा निसटलं. दार जेमतेम अर्धं उघडलं, कारण मागे सगळं छतापर्यंत रचलेलं होतं. अण्णांचा मंडपाचा धंदा होता. कनाती, झालरी, लाल-निळे जमखाने, पत्र्याचे कर्णे, दिव्यांच्या माळा. त्यावर उतरवलेले फोटो. सगळ्यात वर, पाय आभाळाकडे करून, आईची आरामखुर्ची.

धूळ हळूहळू खाली बसली.

माताजी वाकल्या. दारातली वीतभर जागा त्यांनी पिंछीनं हलक्या हातानं झाडली आणि तिथेच मांडी घालून बसल्या.

“मला हे बघवत नाही,” दर्शिता म्हणाली. “टाकवतही नाही. तुम्हीच सांगा, यातलं काय ठेवू आणि काय टाकू?”

“मला कुठे माहीत? मी आज आले.”

“पण तुम्ही तर सगळं सोडलंत.”

“सगळं कुठे…” त्यांनी पिंछी थोडी वर धरली. “चातुर्मास संपला की ही जुनी कुणा गृहस्थाच्या घरी जाते आणि नवी येते. देताना हात जड होतो.”

“तुमचासुद्धा?”

“हात आहे तो.”

दर्शिताला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. माताजींनी दोन्ही येऊ दिलं.

दुपारी प्रवचन होतं. बायका-माणसं येऊ लागली आणि तेव्हा लक्षात आलं की त्या स्वच्छ, कोऱ्या, फोटोत दिसतात तशा घरात बसायला एक चटईसुद्धा नाही. माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. दर्शिताला धरणी दुभंगावी असं झालं.

“दर्शू,” आई उंबऱ्यावरून उठली. आवाज अण्णांच्या वेळचा होता, मांडव घालताना असायचा तसा. “जमखाने काढ. वरचा नको, तो उसवलाय. त्याखालचे दोन.”

मग काय झालं ते दर्शिताला नीटसं कळलंच नाही. पोरं खोलीत शिरली. एकानं खुर्ची उतरवली, आणि आई तिच्यात अशी बसली की जणू मधले महिने झालेच नव्हते. जमखाने उलगडले. त्यांच्या घडीत कुठल्याशा लग्नातल्या अक्षता निघाल्या. कुणी म्हणालं, माझ्या लग्नात हाच होता. कुणी म्हणालं, तुझं लग्न लागलं आणि पाऊस आला, अण्णांनी स्वतः उभं राहून कनात धरली होती. प्रवचन सुरू व्हायला वेळ झाला. माताजी थांबल्या.

प्रवचन झाल्यावर बिरनाळेकाकांनी आईला विचारलं, हे जमखाने मंदिरात दिले तर चालतील का. आईनं दर्शिताकडे बघितलं. दर्शितानं मान हलवली. हात जड झाला होता, पण घडी तिनंच घालून दिली. कनाती तरुण मंडळानं मागितल्या. कर्णे शाळेला हवे होते. फोटो मात्र दर्शितानं पुसून स्वतःच्या बॅगेत ठेवले.

घडी घालताना जमखान्याचं दुसरं टोक धरलं होतं मानेबाईंनी. त्या शेजारणीबरोबर प्रवचनाला आल्या होत्या. त्यांनी उघड्या दारातून आत डोकावून बघितलं. उरलेली खोली बघितली, तिची पूर्वेची खिडकी बघितली.

“एवढंच होतं होय यात?” त्या म्हणाल्या. “आम्हाला बाई काय काय सांगितलं लोकांनी.”

“एवढंच होतं,” दर्शिता म्हणाली.

माताजींचा मुक्काम त्याच खोलीत झाला.

सकाळी, ऊन चढायच्या आत, त्या निघाल्या. वाटेला लावायला मागे दहा-वीस माणसं. आई काठी टेकत दारापर्यंत आली. दर्शितानं वाकून वंदामि म्हटलं. खूप काही विचारायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“हे विकल्यावर… आमचं काय राहील, माताजी?”

माताजी उंबऱ्यापाशी वाकून पिंछीनं जागा झाडत होत्या.

तेवढ्यात मानेबाई नवऱ्याला घेऊन पायऱ्यांशी पोचल्या. माने बदली होऊन नुकतेच गावात आलेले. त्यांना आर्यिका म्हणजे कोण ते माहीत नव्हतं. पुढ्यात पांढऱ्या साडीतल्या वृद्ध बाई दिसल्या, मागे सगळं गाव हात जोडून उभं. त्यांनी अदबीनं चपला काढल्या.

“आजी, घर आपलंच ना?”

दर्शिता दचकून पुढे सरसावली.

माताजींनी पाऊल उंबऱ्याबाहेर ठेवलं, मान्यांना वाट दिली आणि म्हणाल्या,

“काल रात्री होतं. आता तुम्ही आत जा.”