उघड्या झाकणाची बरणी

"पण फादर, झाकण लावून मोह टाळला, तर त्यात कसला आलाय विजय?"

फादर इजिदोर ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कसली बरणी आहे ती?"

"सुकेळी. फिलूताईने पाठवलीत. घरच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली."

डॉ. कोनराड रुमाव यांनी काचेची बरणी दोघांच्या मधोमध ठेवली. उभ्या वसईत तत्त्वज्ञानाचा एवढा व्यासंगी प्राध्यापक दुसरा नव्हता, असं लोक म्हणत. कोनराडना ते पटत असे. पण रात्री दिवा मालवला, की तितकंसं पटत नसे. म्हणून तर निवृत्त झाल्यावरही ते, लहानपणी ज्यांच्याकडे धर्मशिक्षण घेतलं, त्या म्हाताऱ्या फादरांच्या ओटीवर यायचे.

"राखेच्या बुधवारी, उपवासकाळ सुरू झाला तेव्हा मी गोड सोडलं," कोनराड म्हणाले. "सोडून सगळेच देतात. मी बरणी टेबलावर ठेवली. झाकण काढून. रोज तिच्यासमोर बसून प्रार्थना करतो. एकालाही हात लावलेला नाही."

"अरे वा. आणि प्रार्थनापुस्तक?"

"ते... जरा बाजूला सरकवलंय. टेबल लहान आहे."

"डोळे मिटल्यावर काय दिसतं?"

कोनराडनी बरणी किंचित आपल्याकडे ओढली.

"बरणीच दिसते. पण तीच तर लढाई आहे, फादर!"

फादरांनी आणखी एक वाल सोलला.

"उद्या देवळात माझं व्याख्यान आहे. विषय, मोहावर विजय. चर्चचा अख्खा धर्मग्राम येणार. ही बरणी मी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवणार आहे, पुरावा म्हणून. तुमचा आशीर्वाद हवा होता. आणि एक विचारायचं होतं... तुम्ही मोहाशी कसे लढता? म्हणजे, तुमची पद्धत काय?"

"माझी पद्धत?" फादरांनी हात झग्याला पुसले. "यंदा मीही गोड सोडलंय. उघड बघू झाकण."

कोनराडनी झाकण उघडलं.

मधासारखा दाट वास ओटीभर पसरला. फादर बरणीत वाकून बघू लागले. तांबूस, चिकट, एकमेकांना बिलगून बसलेली सुकेळी. फादरांच्या गळ्याची घाटी एकदा खाली गेली, वर आली.

कोनराड श्वास रोखून बसले. आता काहीतरी थोर ऐकायला मिळणार...

फादर ताडकन उठले. वालाची परडी कलंडली. आणि ऐंशी ओलांडलेला तो माणूस ओटीच्या पायऱ्या उतरून केळीच्या वाडीत धूम पळत सुटला. एक चप्पल पायरीवरच राहिली.

साप! हा कोनराडचा पहिला विचार. दुसरा विचार हृदयविकाराचा. ते बरणी उचलून मागे धावले.

"फादर! काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"बरणी!" केळींच्या आडून आवाज आला. "बरणी घेऊन येऊ नकोस!"

"अहो, पण थांबा तरी!"

फादरांनी वेग वाढवला.

कुंपणापलीकडे रोझामावशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या तोंडातला चिमटा खाली पडला.

"काय हो प्रोफेसर, म्हाताऱ्या फादरांना मारायला निघालात की काय?"

कोनराडना भयंकर लाज वाटली. ते मुकाट्याने परत फिरले आणि ओटीवर येऊन बसले.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. फादर पळाले! आयुष्यभर झगा घालून इतरांना उपदेश केलेला माणूस बरणीकडे धड मिनिटभर बघू शकला नाही. आणि आपण? आपण इथे बसलोय. बरणी उघडी आहे. समोर आहे. ओटीवर कुणी नाही. तरी आपण ढळलो नाही.

म्हणजे गुरूच्याही पुढे गेलो की!

आनंद त्यांच्या छातीतून खांद्यात उतरला, खांद्यातून हातात. असा आनंद झाल्यावर माणूस काहीतरी साजरं करतोच. सुकेळं गिळून झालं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण चावत होतो.

ते दचकले. असं झालंच नसेल, असं त्यांना वाटलं. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी आणखी एक तोंडात टाकलं.

झालं होतं.

कोनराड बराच वेळ पायरीवरच्या चपलेकडे बघत राहिले. जुनी, अंगठा शिवलेली, कुणी घाईत टाकून द्यावी तशी उलटी पडलेली. त्यांनी ती उचलली, बरणी काखेत मारली आणि वाडीत गेले.

फादर विहिरीच्या कठड्याला टेकून धापा टाकत होते. बरणी दिसताच ते विहिरीच्या पलीकडे सरकले.

"तिथूनच बोल."

"फादर... मी..."

कोनराडची जीभ टाळूला चिकटत होती. फादरांनी त्यांच्या हनुवटीकडे पाहिलं.

"चांगली आहेत का रे?"

"फार," कोनराड म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रहाटावर एक कावळा येऊन बसला, त्याने बरणीकडे बघून मान वाकडी केली.

"तुम्हाला थांबून लढावंसं नाही वाटलं, फादर?"

"वाटलं ना. वाटलं म्हणून तर पळालो."

"पण लोकांनी पाहिलं! रोझामावशींनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

"होऊ दे. ती बरणी तिलाच दे जा. नातवंडं आहेत तिच्याकडे."

कोनराड कुंपणापाशी गेले. रोझामावशींनी बरणी घेतली, आत डोकावून पाहिलं, मग कोनराडकडे पाहिलं.

"हनुवटी पुसा, प्रोफेसर."

त्यांनी पुसली. काख रिकामी झाल्यावर खांदाही एकदम हलका वाटला, आणि त्याच वेळी आठवलं. उद्याचं व्याख्यान! पहिल्या बाकावर नेहमीची मंडळी, मध्ये ते टेबल, टेबलावर पांढरं कापड...

"फादर, मी उद्या व्याख्यान रद्द करू का?"

"कशाला?"

"टेबलावर ठेवायला आता माझ्याकडे काहीच नाही."

फादर विहिरीला वळसा घालून सावकाश पुढे आले. एक पाय चपलेत, एक मातीत. कोनराडनी हातातली चप्पल त्यांच्या पायाशी ठेवायला वाकून पुढे केली.

फादरांनी पाय मागे घेतला.

"ती ठेव टेबलावर, पुरावा म्हणून. मी अनवाणी येईन ऐकायला."