टिळ्याचा गेम

निंबारी नावाच्या तालुक्याच्या गावात, एस.टी. स्टँडसमोरच्या ओळीत, मुरलीधर शेटे नावाच्या माणसाचं दुकान होतं. दुकानात हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम मिळत. एवढ्याशा गावात असल्या धंद्यावर कोणाचं पोट भरणार, असं सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होतं. पण दुकान चाललं. आजूबाजूच्या गावांतूनही लोक येऊ लागले. तसा त्याच्याकडचा माल कुठेही मिळण्यासारखाच होता. लोक यायचे ते त्याच्या वरच्या फळीसाठी.

त्याचं असं होतं की, गेमची नवी कॅसेट आली की मुरलीधर ती आधी स्वतः खेळायचा. थोडी चाखून बाजूला ठेवायचा नाही, पार शेवटापर्यंत खेळायचा. गेम संपला आणि मनाला पटला, तर कॅसेटच्या डबीला कुंकवाचं बोट लावून ती वरच्या फळीवर मांडायचा. पटला नाही तर खालच्या फळीवर, टिळ्याशिवाय. मग डबी वर्षानुवर्षं धूळ खात पडली तरी चालेल.

चांगला गेम कोणता, याबद्दल त्याची मतं पक्की होती आणि ती ऐकवायला त्याला आवडायचं. "हा काय घरी टीव्हीसमोर पाय पसरून खेळायचा गेम आहे का?" तो म्हणायचा. "हा माणूस स्टँडवर उभा राहून खेळणार. गाडी लागली की जिथे असेल तिथे थांबता आलं पाहिजे. उन्हात दिसला पाहिजे, अंगठा दुखता कामा नये. आणि बंद करून खिशात टाकला तरी डोक्यात चालू राहिला पाहिजे." नुसती चित्रं देखणी असून त्याच्याकडे कुठल्या गेमला टिळा मिळत नसे. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना त्याने शेती करायचा एक संथ गेम दिला होता, कारण दिवसभराच्या धावपळीनंतर त्यांना कोणी घाई करू नये. जीपमधून प्रवासी नेणाऱ्या शंकरला विटा रचायचा गेम दिला होता. जीप भरेपर्यंत त्याचा एक डाव होऊन जायचा. दोघंही त्याचं नाव काढत.

पुढे पुढे लोकांनी गेमचं नाव विचारणंही सोडलं. दुकानात शिरता शिरता एवढंच विचारत, "टिळ्याचा आहे ना?" आहे म्हटलं की डोळे मिटून विकत घेत.

मान मिळायला लागला की माणसाला त्याची चटक लागते. मुरलीधरलाही लागली. त्यात वावगं काही नव्हतं, पण चटक ती चटकच.

एका दिवाळीच्या तोंडावर 'राणीचा जलमहाल' नावाचा गेम बाजारात आला. शहरांत त्याचा नुसता बोलबाला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच नाव. निंबारीतही लोक येऊन वरच्या फळीकडे बघत आणि तिथे तो न दिसल्यावर मुरलीधरकडे बघत. मुरलीधरला सणाच्या गर्दीत जेवायला फुरसत नव्हती, तर गेम कधी संपवणार? कसाबसा सुरुवातीचा भाग त्याने खेळला होता. पाण्यात बुडालेला महाल, त्यातून फिरणारी राणीची होडी, खांबांवर हलणारा उजेड. गेम खरोखर सुंदर होता. सुरुवात अशी आहे म्हणजे पुढेही अशीच असणार, असं त्याने मनाशी धरून टाकलं.

त्यात कॉलेजातले बर्गे सर भर दुकानात म्हणाले, "काय शेटे, जलमहालाला अजून टिळा नाही? का तुम्हालाच जड जातोय?"

दुकानातली माणसं हसली. हसण्यात कुचेष्टा नव्हती, पण मुरलीधरला ते झोंबलं. त्याने गल्ल्याशेजारची कुंकवाची डबी उघडली, बोट बुडवलं आणि जलमहालाला टिळा लावला.

"झालाय खेळून," तो म्हणाला. "लावायचंच राहून गेलं होतं."

त्याच संध्याकाळी काशिनाथ सोनटक्के तो गेम घेऊन गेले.

काशिनाथआप्पा म्हणजे समोरच्या बाजूचे घड्याळजी. वय झालेलं, पण हात असा स्थिर की डोळ्याला भिंग लावून बसले की बघणाराच श्वास रोखून धरायचा. हल्ली घड्याळं दुरुस्तीला फारशी येत नसत. दुपारभर मोकळं बसून आप्पा नको नको ते विचार करत राहतात, म्हणून त्यांच्या बायकोनेच, वत्सलाकाकूंनी, त्यांना हातातला गेम आणून दिला होता. आणि आप्पांना तो असा मानवला की वरच्या फळीवरचे सगळे गेम त्यांनी संपवले. एकेक संपला की मुरलीधरच्या दुकानात येऊन चहा घेत त्यावर बोलत बसायचे. "घड्याळाला तेल लागतं, तसं डोक्यालाही लागतं बघ," असं म्हणायचे. मुरलीधरला सगळ्या गिऱ्हाइकांत हे गिऱ्हाईक जास्त आवडायचं.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. आप्पा चहाला आले नाहीत. गेम नेलेल्या बाकीच्यांचाही अजून संपला नव्हता; मोठा गेम आहे, वेळ लागत असेल, असं मुरलीधरला वाटलं. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की समोरचं दुकान उघडं आहे, पण माणसं आत जाऊन आपापली घड्याळं परत घेऊन बाहेर येताहेत. काकू पायरीवर उभ्या होत्या. तो रस्ता ओलांडून गेला.

"काकू, हे काय चाललंय?"

"दुकान बंद करतायत," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणतात, डोकं चालेनासं झालं. लोकांची घड्याळं बिघडवून ठेवण्यापेक्षा आधीच थांबलेलं बरं."

"अहो, पण असं एकदम झालं काय?"

"त्या गेमात एक पूल आहे म्हणे. तो काही यांच्याच्यानं उघडत नाही. रोज बसतात, रोज पहिल्यापासून करतात. जेवणावरची वासना गेली. मी म्हटलं, गेमच खराब असेल. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, मुरलीचा टिळा आहे त्याला. त्याने पूल ओलांडला, मला ओलांडता येत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "त्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं रे. आधी हिशेब चुकायला लागले. शेवटी आपलं घर ओळखेना. ती भीती यांच्या मनात आहे."

 मुरलीधर आपल्या दुकानात परत आला, गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, शटर ओढलं आणि जलमहाल खेळायला बसला. पुलापाशी पोहोचला. गेममधल्या नावाड्याने सांगितलेला दिवा आणून लावला, चाक फिरवलं. पूल हलला नाही. दिवा दुसरीकडे लावून पाहिला, चाक उलटं फिरवून पाहिलं, मागे जाऊन सगळं नव्याने केलं. पूल हलला नाही. शेवटी त्याने ज्या व्यापाऱ्याकडून माल आणला होता त्याला फोन लावला.

"हो, तो पूल ना?" व्यापारी अगदी सहज म्हणाला. "बनवणाऱ्यांचीच चूक आहे. त्या मालातल्या एकाही कॅसेटमध्ये तो उघडत नाही. बदलून देऊ की. तुम्ही तर खेळूनच ठेवता म्हणतात, मग तुम्हाला कळलं नाही?"

मुरलीधरने फोन ठेवला.

आता सरळ जाऊन खरं सांगायचं, एवढंच काम होतं. पण समोर आप्पांच्या दुकानात माणसं होती, आणि तिथे 'मी खोटा टिळा लावला' म्हणायचं, म्हणजे इतक्या वर्षांचं नाव स्वतःच्या हाताने पुसायचं. त्याने मधली वाट काढली. वरच्या फळीवरून एक नवा आलेला गेम घेतला, आप्पांकडे गेला आणि होता होईल तेवढं हसत म्हणाला, "आप्पा, तो महाल सोडा हो. हा घ्या. माझ्याकडून. यात जास्त मजा आहे."

आप्पांनी डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"सोपा आहे का रे हा?" त्यांनी विचारलं.

मुरलीधरने नजर चुकवली.

"म्हणजे काकूने सांगितलं तुला," आप्पा म्हणाले. "तुझा हेतू चांगला आहे, मुरली. मला राग नाही. माणसाला दात राहिले नाहीत की त्याच्या ताटात मऊ भात वाढतात. तसंच हे." त्यांनी डबी हलकेच बाजूला ठेवली. मग भिंग उचललं, फडक्याने पुसलं आणि हत्यारांच्या पेटीत ठेवलं. "ही पेटी कोणाला उपयोगी पडत असेल तर बघ. चिमटे चांगले आहेत."

मुरलीधर पायरीपर्यंत आला. एक चप्पल पायात घातली. दारात बर्गे सर परत घेतलेलं स्वतःचं घड्याळ हातात धरून उभे होते, शंकर होता, आणखी दोघंतिघं होते. दुसरी चप्पल घालून तो चालायला लागला असता तर कोणालाही काही कळलं नसतं. आप्पा पेटीचं झाकण लावत होते. त्यांचा तो स्थिर हात उद्यापासून रिकामा राहणार, हे मुरलीधरला सहन झालं नाही. पायातली चप्पल काढून तो परत आत गेला.

"आप्पा, तो पूल मी ओलांडलेलाच नाही."

"म्हणजे?"

"गेम मी खेळलोच नव्हतो. सुरुवात बघितली आणि सोडून दिला."

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. "पण टिळा होता त्याला."

"मी लावला. सगळे विचारत होते, आणि नाही म्हणायची लाज वाटली. तो पूल कोणाच्याच्यानं उघडत नाही, आप्पा. कॅसेटच सदोष आहे. मला आज कळलं. तुमचं काहीही चुकलेलं नाही. तुमचं डोकं ठणठणीत आहे. खोट माझ्यात आहे."

 बर्गे सरांनी मान खाली घातली.  आप्पांनी पेटीचं झाकण उघडलं, भिंग काढून डोळ्याला लावलं आणि बर्गे सरांच्या दिशेने हात पुढे केला.

"आणा ते घड्याळ इकडे," ते म्हणाले. "गुरुवारी न्या."

मुरलीधरशी मात्र ते एक शब्दही बोलले नाहीत. तो थोडा वेळ थांबला आणि निघून आला.

मागोमाग वत्सलाकाकू त्याच्या दुकानात आल्या. त्यांनी जलमहालाची डबी गल्ल्यावर ठेवली आणि वरच्या फळीकडे पाहिलं. टिळे लावलेल्या डब्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"आणि हे बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"हे सगळे खेळलोय, काकू. देवाशपथ. एकेक शेवटापर्यंत खेळलोय."

"असशील," काकू म्हणाल्या. "पण त्या जलमहालाबद्दलही तू असंच म्हणाला होतास ना." त्या रागावलेल्या नव्हत्या. भाजीवाल्याला भाव विचारावा तशा त्या बोलल्या आणि निघून गेल्या.

मुरलीधर फळीकडे बघत उभा राहिला. त्यातला प्रत्येक टिळा खरा होता. पण ते त्याच्याखेरीज आता कोणाला ठाऊक होतं? त्याने फडकं ओलं केलं आणि एकेक डबी खाली घेऊन कुंकू पुसायला सुरुवात केली. काही टिळे इतके जुने होते की निघता निघत नव्हते. ते त्याने नखाने खरवडले. फडकं लाल झालं. वरची फळी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवसापासून कोणी येऊन "टिळ्याचा आहे ना?" विचारलं, की तो सांगायचा, "सध्या एकही नाही." का नाही, ते विचारलं तर तेही सांगायचा. काही लोक कौतुक करून जायचे, काही नुसतेच जायचे. जाणाऱ्यांपैकी बरेच परत आले नाहीत. मुरलीधर पुन्हा पहिल्या गेमपासून खेळायला बसला.

बऱ्याच दिवसांनी त्याचा एक गेम पुरा झाला. होडीचा नाही, महालाचा नाही. बैल आणि नांगर असलेला, नर्सबाईंच्या आवडीचा तोच साधा गेम. त्याने कुंकवाची डबी उघडली, बोट बुडवलं, आणि बोट तसंच वर धरून थांबला. मग बोट पुसून, गेम घेऊन तो समोर गेला.

आप्पा कोणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आप्पा, हा खेळून झाला. चांगला आहे. टिळा लावतोय."

आप्पांनी चिमट्याने एक बारीक चाक उचललं, जागेवर बसवलं, आणि घड्याळ कानाशी नेऊन ऐकलं.

"ठेव तिथे," ते म्हणाले. "आधी मी पुन्हा एकदा खेळून बघतो. मग लाव."

मुरलीधरने गेमची डबी त्यांच्या पुढ्यात ठेवली. पूर्वी हेच आप्पा त्याचा टिळा बघून गेम न्यायचे. ते आठवून त्याला वाईट वाटलं, आणि आप्पा निदान बोलले, याचं बरंही वाटलं.

तात्पर्य: जो आपल्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, तो फसला तर आधी आपल्याला नाही, स्वतःलाच दोष देतो, म्हणून जे आपण स्वतः पारखलेलं नाही, त्याची ग्वाही कधी देऊ नये.