ओव्हरसियरचा स्वेटर

"...तर मग माझं शिकून झालं की नाही, एवढंच सांगा, आक्का!"

टेंभेकर ओव्हरसियर मढीच्या दारात उभे होते. छातीशी पुडकं धरलेलं, चपला अजून पायांतच.

मैनागिरी आक्का कोवळ्या उन्हात बसून कानटोपी विणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी चपला काढ."

त्यांनी काढल्या. एक पूर्वेला पडली, एक पश्चिमेला. सरळ रस्ते आखण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाची ही तऱ्हा!

आक्कांची मढी चिखलदऱ्याच्या पलीकडं, डोंगरात. थंडीत तिथं दात पेटीसारखे वाजतात. प्रसाद म्हणून नारळ-खोबरं मिळत नाही, लोकरीची टोपी मिळते. तीही नव्या लोकरीची नाही. खालच्या गावांतले विटके, कोपरं फाटलेले स्वेटर आणायचे, उसवायचे, लोकर धुऊन वाळवायची, आणि त्याच्याच टोप्या. स्वेटर गोळा करून वर न्यायचं काम माझं. लोक मला पुण्यवान समजतात. मी समजू देतो. आक्कांचा आल्याचा चहा काय असतो ते त्यांना कुठं ठाऊक? त्या सकाळीही मी तोच पीत बसलो होतो.

आक्का पहिल्यांदा विणायला शिकल्या त्या एकसष्टाव्या वर्षी, दवाखान्यातल्या एका नर्सबाईकडून. आज चौऱ्याऐंशीच्या आहेत. "आक्का, जमतं का आता?" असं विचारलं, की म्हणतात, "हात बसतोय हळूहळू."

आणि अशा बाईला ओव्हरसियर विचारत होते, शिकून झालं का!

दहा महिन्यांपूर्वी ते पहिल्यांदा वर आले, ते रडकुंडीला आलेले. "रिटायर झाल्यापासून सकाळ खायला उठते, आक्का. पेटी शिकून पाहिली, गुलाबाला कलमं बांधली. पेटी शेजाऱ्यांनी बंद पाडली, गुलाब शेळीनं खाल्ले. काहीतरी मंत्र द्या."

आक्कांनी दोन सुया दिल्या, आणि एक निळा, भोकं पडलेला स्वेटर. म्हणाल्या, "हा उसव. मग सुलट टाका शिक. मग उलटा. मग ये."

ते मग दर पंधरवड्याला येत राहिले. बाहीवर अडले की यायचे, खांद्यावर अडले की यायचे. आज मात्र न अडता आले होते.

पुडकं उघडलं. निळा स्वेटर निघाला.

खोटं कशाला बोलू, काम देखणं होतं. टाका टाक्याला लागून, जशी धरणाची भिंत. ओव्हरसियरनी तो उलटा करून दाखवला, सुलटा करून दाखवला, उन्हात धरून दाखवला.

"एक टाका सुटलेला दाखवा, आक्का. एक!"

"नाही दिसत बाबा."

"मग? आता पुढचं काय ते सांगा. यानंतरचं, वरचं काहीतरी असेल ना?"

आक्कांनी सुई थांबवली.

"घालून दाखव."

हात गेले. बाह्या झकास बसल्या. छाती झकास. आणि डोकं...

डोकं जाईना.

टाके सुटतील या भीतीनं गळ्याची पट्टी त्यांनी इतकी आवळून बंद केली होती, की तिच्यातून लिंबू गेलं असतं, ओव्हरसियर नाही. टकलाचा रुपयाएवढा तुकडा तेवढा वर चमकत होता. बाकी सगळं आत.

"ओढ खाली," आक्का म्हणाल्या.

त्यांनी ओढलं. मग वर ओढलं. तेही जाईना. कान अडकले.

मला हसू आवरेना. चहा नाकात गेला.

"कोण हसतंय?" स्वेटर म्हणाला.

"कोणी नाही हो, माकड आहे झाडावर," मी म्हणालो.

आक्काही बोळक्या तोंडानं हसत होत्या, पण आवाज न करता. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आत कसं वाटतंय रे?"

आतून वेगळाच आवाज आला. खालचा, हळू.

"उबदार आहे, आक्का. आता तोंड दिसत नाहीये तर सांगून टाकतो. हे दहा महिने... असे दिवस मी नोकरीतही पाहिले नाहीत. पहाटेच जाग यायची. आधी चहा की आधी सुई, असं व्हायचं. बायकोशी भांडण म्हणून झालं नाही. टाके मोजताना भांडता येत नाही ना! तीच म्हणाली, आक्कांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी माझं घर परत दिलं."

"मग?"

"काल दुपारी शेवटचा टाका बंद केला. आज सकाळी उठलो... आणि हात रिकामे. तीच जुनी सकाळ. म्हणून पळत आलो."

आक्का उठल्या. गुडघे कडकड वाजले. त्यांनी चाचपून गळ्याच्या पट्टीचं टोक शोधलं, सुईनं सैल केलं आणि धागा ओढायला लागल्या. सरसर, सरसर.

"मोडू नका हो, आक्का!"

"गप रहा. बाहेर यायचंय ना?"

एक ओळ गेली, टक्कल आलं. दुसरी गेली, कपाळ आलं. मग डोळे. ते ओले होते. मी त्या वेळेपुरतं झाडाकडं पाहिलं. आम्हालाही थोडी रीतभात आहे.

डोकं बाहेर आलं. आक्का जागेवर जाऊन बसल्या.

"पट्टी तेवढी सैल हातानं परत घाल. झालं."

"ती तर एका सकाळीत होईल," ओव्हरसियर म्हणाले.

"होईल की."

"आणि परवा सकाळी?" ओव्हरसियरनीच विचारलं.

आक्का टोपी विणत होत्या.

ओव्हरसियर गळ्याशी लोंबणारा धागा बोटाला गुंडाळत, सोडत राहिले. मग त्यांनी स्वेटर अंगातून काढला, खाली बसून मांडीवर पसरला, खांद्याची शिवण शोधली. माझ्याकडं पाहून म्हणाले, "कात्री आहे का?"

"अहो, वेड लागलं का?" मी म्हणालो. "दहा महिने..."

"माकडांनी बोलू नये. कात्री द्या."

दिली.

शिवण सुटली. त्यांनी टोक धरलं आणि ओढलं. मघाशी आक्का ओढत होत्या तसं बेतानं नाही, पतंगाचा मांजा सोडावा तसं. मी गुंडा करत गेलो, ते ओढत गेले. खांदा गेला, पाठ गेली, बाह्या गेल्या. मध्येच ते खुदकन हसले. मग मोठ्यानं हसले. बनियनवर बसलेले, अंगावर काटा आलेला, आणि हसतायत!

शेवटी सहा गुबगुबीत निळे गुंडे आणि एक ओव्हरसियर, एवढंच उरलं.

ते उठले, आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथंच बसून टाके घालायला लागले. सैल हातानं. तोंडानं मोजत. वीस-बावीसवर आले असतील, तेव्हा मान वर करून म्हणाले,

"आक्का, हा तरी पुढच्या थंडीपर्यंत पुरा होईल का हो?"

आक्का म्हणाल्या, "देव करो आणि न होवो."